गेट पडलंय म्हणजे नक्की काय चाललंय? रेल्वेवाल्यांच्या शब्दांचा अर्थ

बेळगावात टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटवर संध्याकाळी कधी अडकला असाल तर पुढचं मी सांगायला नको. गेट पडतं, दोन्ही बाजूला टू-व्हीलरची रांग लागते, रूळ मोकळा, लांबपर्यंत काही दिसत नाही, दोन मिनिटं जातात, पाच जातात, मग मागनं कोणतरी हॉर्न वाजवायला लागतं आणि एकजण तरी गेटमनला ओरडतोच, गाडीचा पत्ता नाही आणि आत्तापासनं कशाला पाडून ठेवलंय म्हणून. मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलोय, बाबा खानापूर बाजूला कीमन, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारे, होते, त्यामुळं हे ओरडणं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या वेळी गेटमनच्या हातात गेट उघडणं नसतंच. हे नीट कळायला रेल्वेवाल्यांचे चार-पाच शब्द कळावे लागतात. तेच सांगतो.

बहुतेक वर्दळीच्या गेटांना सिग्नलशी जोड असते, त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. साध्या भाषेत, गेट पूर्ण पडून लॉक झाल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गेटचं लॉक निघत नाही. दोन्हीपैकी एकच गोष्ट मोकळी, एकतर रस्ता नाहीतर रूळ. आता वेगात असलेली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं, म्हणून ड्रायव्हरला पुढचा सिग्नल कसा आहे ते किलोमीटरभर आधीच डिस्टंट सिग्नलवर सांगितलेलं असतं. म्हणजे गाडी तुम्हाला दिसायच्या कितीतरी आधी गेट पडलेलं असायला लागतं, नाहीतर ड्रायव्हरला पिवळा दिसणार, तो ब्रेक मारणार आणि अख्खी गाडी गेटबाहेर उभी राहणार. जिथं अशी जोड नाही किंवा बिघाड झालाय तिथं प्रायव्हेट नंबर चालतो. गेटमन फोनवर स्टेशन मास्तरला नुसतं गेट बंद केलं असं सांगून सुटत नाही, त्याच्याकडच्या छापील कागदावरचा दोन आकडी नंबर सांगतो, मास्तर तो लिहून घेतो, वेळ टाकतो. हो-हो म्हणणं कुणीही म्हणतं, पण नंबर दिला म्हणजे मी गेट बंद केलंय आणि आता जबाबदारी माझी, असं कागदावर आलं. रेल्वेत पीएन दिला का, असं विचारतात ते हेच.

आता ब्लॉक. हा शब्द पेपरात वाचून लोकांना वाटतं ब्लॉक म्हणजे काम चाललंय म्हणून गाड्या रद्द. ते खरं आहे पण तो दुसरा ब्लॉक. पहिला ब्लॉक म्हणजे दोन स्टेशनांच्या मधला रूळाचा तुकडा, ब्लॉक सेक्शन. समजा देसूर आणि इदलहोंड. जुना आणि साधा नियम असा की त्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. मागच्या स्टेशनचा मास्तर पुढच्याला विचारतो, अमुक नंबरच्या गाडीला लाईन क्लिअर देता का, पुढचा आधीची गाडी पूर्ण आत आलीय बघतो आणि मगच देतो. लाईन क्लिअर म्हणजे नुसता रस्ता मोकळा आहे असं नाही, तर हा तुकडा आता या एका गाडीच्या नावावर केला, असं. मला विचाराल तर रेल्वेचे निम्मे शब्द एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, आत्ता या घडीला हा रूळ कुणाच्या ताब्यात आहे.

मीटरगेजच्या काळात हे हातात धरता यायचं. लोंढा-मिरज लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, त्याआधी इथं रूळातलं अंतर एक मीटर होतं, आता १६७६ मिलीमीटर आहे. एकेरी लाईन, त्यामुळं समोरासमोर गाड्या यायची भीती मोठी. त्यावर उपाय म्हणजे टोकन. दोन्ही स्टेशनात एकेक यंत्र, त्यात धातूचे गोळे, आणि दोन्ही मास्तरांचं जमल्याशिवाय यंत्रातनं गोळा बाहेर पडत नाही, आणि एक बाहेर असला की दुसरा निघत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या गोल रिंगला, आणि न थांबणारी गाडी असली की प्लॅटफॉर्मवर उभा माणूस ती रिंग वर धरायचा, इंजिनातला फायरमन चालत्या गाडीतनं हात घालून उचलायचा आणि मागच्या सेक्शनची रिंग खाली टाकायचा. लहानपणी मी हे अगदी जवळनं बघितलंय, रिंग हाताला लागल्याचा तो आवाज आणि मग प्लॅटफॉर्मवर घरंगळत जाणारी जुनी रिंग. ड्रायव्हरजवळ गोळा असला म्हणजे समोरून दुसरी गाडी येणार नाही याचा पुरावाच त्याच्या खिशात, इतकं ते सरळ होतं. आता हे काम तारेतनं आणि काँप्युटरवर होतं, पण तत्त्व तेच. आणि जिथं दुसरी लाईन पडली तिथं तर क्रॉसिंगची, म्हणजे एकीनं लूपमध्ये थांबून समोरच्या गाडीला जाऊ देण्याची, वाट बघणं संपलं. जुन्या प्रवाशांना आठवत असेल, गुंजीसारख्या लहान स्टेशनात गाडी वीस-वीस मिनिटं उगीच उभी. उगीच नव्हती, क्रॉसिंग होतं.

गाडी पूर्ण आली हे मास्तरला कळतं कसं? शेवटच्या डब्यामागं एलव्ही लिहिलेली पाटी असते आणि रात्री लाल दिवा. एलव्ही म्हणजे लास्ट व्हेइकल. पुढचं इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं रेल्वेत धरत नाहीत, मधेच कपलिंग तुटून चार वाघिणी मागं राहिल्या असतील तर? म्हणून एलव्ही बघितल्यावरच सेक्शन मोकळा झाला असं म्हणायचं.

दुसरा ब्लॉक म्हणजे ट्रॅफिक ब्लॉक. इंजिनिअरिंगवाले कंट्रोलकडं, म्हणजे सगळ्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसकडं, दोन तास मागतात, रूळ बदलायचाय, सांधा (गाडी एका रूळावरनं दुसऱ्यावर वळते ती जागा) बदलायचाय, वायर ओढायचीय. त्या दोन तासात रूळ गाड्यांचा नाही, कामगारांचा. विजेच्या तारा बंद करायच्या असल्या तर तो पॉवर ब्लॉक. ब्लॉक मिळाला की गँगची माणसं अक्षरशः पळतात, कारण मिळालेल्या मिनिटात काम उरकून रूळ परत गाडीजोगा करून द्यायचा असतो. वेळेत झालं नाही तर ब्लॉक बर्स्ट झाला म्हणतात, मग मागं गाड्यांची रांग, आणि वरनं फोनवर फोन. म्हणून ब्लॉक चालू असताना मुकादमाशी कोणी बोलायला गेलं तर तो धड उत्तर देत नाही, त्याचं सगळं लक्ष घड्याळात असतं.

आता कीमन. हा शब्द मला सगळ्यात जवळचा. आधी रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, धरून ठेवायला लोखंडी पाचर असायची, तिला की म्हणजे चावी म्हणायचे, ती गाडीच्या हादऱ्यानं सैल व्हायची, ती रोज ठोकत जाणारा तो कीमन, आमच्याकडं चावीवालाच म्हणायचे. मग सिमेंटचे स्लीपर आले, चावी गेली, स्प्रिंगसारख्या वाकवलेल्या जाड सळईची क्लिप आली, पण माणसाचं नाव कीमनच राहिलं. गँगमनचं मात्र बदललं, कागदावर आता ट्रॅक मेंटेनर लिहितात, गार्डला २०२२ पासनं ट्रेन मॅनेजर म्हणतात, ड्रायव्हर कधीचा लोको पायलट झाला. बोलताना अजून सगळे गँगमन, गार्ड, ड्रायव्हरच म्हणतात.

बाबा पहाटे निघायचे. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, स्पॅनर, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि फटाके. त्यांचा बीट पाच-सहा किलोमीटरचा, जाताना एका रूळावर नजर ठेवत जायचं आणि येताना दुसऱ्या. म्हणजे रोज दहा-बारा किलोमीटर, खडीवरनं, आणि खडीवरनं चालणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं, घोटे कामातनं जातात. एका किलोमीटरमध्ये स्लीपर सोळाशेच्या आसपास, एका स्लीपरला चार क्लिपा, करा हिशोब किती क्लिपांवरनं नजर फिरते ते. सैल क्लिप हातोडा मारला की आवाजानं कळते. घट्ट असली तर टणकन वाजते आणि हातोडा उसळतो, सैल असली तर भद्द येतो. मी सुट्टीत मागं मागं जायचो तेव्हा बाबांनी मला डोळे मिटून ओळखायला लावलं होतं, दहातल्या सात बरोबर आल्या. त्यांना तर चालता चालता, न मारताच कळायचं, क्लिप बसलेल्या जागेवर ताजी चकाकी दिसली की तिथं हालचाल होतेय.

आणि फ्रॅक्चर. थंडीच्या दिवसात रूळ आकसतो, आणि आताचे रूळ लांबच्या लांब जोडून वेल्ड केलेले, त्यांना आकसायला जागा नाही, मग सगळा ताण वेल्डवर, आणि वेल्ड कच्चा असला की तिथंच तुटतो. उन्हाळ्यात उलट, रूळ फुगतो आणि बाजूला वाकायला बघतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत रात्री-पहाटे आणि कडक उन्हात दुपारी वेगळी गस्त असते.

एकदा डिसेंबरात बाबांना पहाटे तुटलेला रूळ सापडला. एकटा माणूस, आजूबाजूला धुकं, मोबाईल नाही. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. तुटल्या जागी लाल झेंडा रोवायचा, मग जिकडनं आधी गाडी येणार तिकडं लाल झेंडा दाखवत पळत सुटायचं. ६०० मीटरवर रूळावर एक फटाका बांधायचा, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतरावर. हे दिवाळीचे फटाके नव्हेत, छोट्या डबीएवढा पत्र्याचा डिटोनेटर, बाजूच्या पट्ट्या रूळाच्या डोक्यावर वाकवून बसवतात. चाकाखाली फुटला की इंजिनात ऐकू येतो आणि ड्रायव्हरनं थांबायचंच, धुकं असो नाहीतर पाऊस. मग परत येऊन दुसऱ्या बाजूलाही तेच, कारण एकेरी लाईन. बाबांनी ते सगळं केलं आणि मग गाडी आली, फटाके फुटले, थांबली. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, आज फ्रॅक्चर होतं. आई त्यांचे पाय बघायला लागली. पुढं कितीतरी वर्षं थंडी पडली की ती रोज विचारायची, आज काय मिळालं नाही नव्हं? तिलाही तो शब्द कायमचा कळला होता.

फिरताना एक पिवळी पाटी तुम्ही नक्की बघितली असणार, सी/फा लिहिलेली. सीटी आणि फाटक. पुढं फाटक आहे, इथनं शिट्टी वाजवत जा, असा ड्रायव्हरला निरोप. रात्री दोनला गाडी शिट्टी मारत जाते त्याचं कारण ती पाटी आहे, ड्रायव्हरची हौस नव्हे.

ड्रायव्हर, असिस्टंट आणि गार्ड यांना रनिंग स्टाफ म्हणतात आणि त्यांचं जगणं घड्याळावर नाही, कॉलवर चालतं. कॉल म्हणजे तुम्हाला अमुक गाडीवर जायचंय हा निरोप. पूर्वी कॉल बॉय सायकलवरनं वही घेऊन यायचा, दार वाजवायचा, सही घ्यायचा, आता फोन येतो. साधारण दोन तास हातात, त्यात आंघोळ, जेवण, डबा, आणि लॉबीत, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायच्या ऑफिसात, पोचून साइन ऑन, तिथं दारू प्यायलाय का बघायला मशीनमध्ये फुंकायचं, रस्त्यात कुठं वेग कमी करायचाय त्याची कॉशन ऑर्डर घ्यायची. आमच्या क्वार्टरशेजारचे काका गुड्सचे ड्रायव्हर होते. गणपतीत आरतीचं ताट हातात, घालीन लोटांगण सुरू व्हायचं होतं आणि कॉल आला, ताट मुलाकडं दिलं आणि गेले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा विसर्जन झालेलं. काकू दरवर्षी तो प्रसंग सांगते आणि दरवर्षी तिचा आवाज बदलतो.

गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला पोचलं की रनिंग रूम. मिरजेला दक्षिण पश्चिम रेल्वे संपते आणि मध्य रेल्वे सुरू होते, तिथं किंवा लोंढ्याला, हुबळीला झोपायचं, पुन्हा कॉल येईपर्यंत. कधी परतीची गाडीच नसते, मग प्रवाशासारखं बसून परत यायचं, त्याला स्पेअर म्हणतात. रेस्टचे नियम आहेत, आठ तासांपेक्षा जास्त ड्यूटी झाली तर घरी सोळा तास, कमी झाली तर बारा. पण हे तास रात्री दोनला संपले तर रात्री दोनला पुन्हा माणूस उपलब्ध धरला जातो, आणि झोप कुठल्या पुस्तकाप्रमाणं येत नाही. सलग रात्रींचा विषय अजून नीट सुटलेला नाही आणि माझ्या मते रेल्वेत सगळ्यात आधी तोच सुटायला पाहिजे. कितीतरी इंजिनांत साधं टॉयलेट नाही, आता मुलीही असिस्टंट लोको पायलट होतायत, त्या ड्यूटीवर निघताना पाणी कमी पितात, हे ऐकलं की राग येतो.

इंजिनात बसलेले दोघं मोठ्यानं बोलत असतात ते गप्पा नव्हेत. प्रत्येक सिग्नल दिसला की एकजण हात करून म्हणतो, डिस्टंट डबल पिवळा, दुसरा तेच परत म्हणतो. बघितलं ते तोंडानं बोललं आणि दुसऱ्याच्या कानानं तपासलं. शिवाय मिनिटभर ड्रायव्हरनं कशालाच हात लावला नाही तर एक यंत्र दिवा लावतं, मग बझर, आणि तरी उत्तर नाही तर गाडी आपोआप ब्रेक घेते. लाल सिग्नल ओलांडला तर त्याला स्पॅड म्हणतात, आणि तो शब्द रनिंग रूममध्ये कुणी मोठ्या आवाजात उच्चारत नाही.

लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉक ते कुळे घाट लागतो, तिथं चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रस्त्याच्या घाटाच्या मानानं हे काहीच वाटणार नाही, पण लोखंडावर लोखंडी चाक, पकड कमी. म्हणून मालगाडीला मागनं ढकलायला इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आणि उतरताना ब्रेक गेला तर? त्यासाठी मधे कॅच सायडिंग, मूळ लाईनपासनं फुटून चढावर जाणारा आंधळा रूळ. सांधा नेहमी त्या आंधळ्या रूळाकडंच लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबून दाखवते, म्हणजे ब्रेक ताब्यात आहे हे सिद्ध करते, मगच सांधा मेन लाईनला लागतो. पर्यटक दूधसागर बघायला खिडकीत गर्दी करतात तेव्हा गाडी मधेच उभी राहते त्यातलं एखादं थांबणं हे असतं.

आपल्या भागात हे शब्द इंग्रजीच का राहिले असं मला मुलानं विचारलं. अहो, मास्तर आंध्राचा, पॉइंट्समन बिहारचा, कंट्रोल हुबळीला, गँग खानापूर तालुक्यातली मराठी, गेटमन गोकाकचा कन्नड बोलणारा. गाडी गेली, गाडी बंतु (कन्नडमध्ये आली), गाडी आ गयी, यात कोण आली आणि कोण गेली याचा घोटाळा व्हायला कितीसा वेळ लागतो? लाईन क्लिअर म्हटलं की सगळ्यांना एकच अर्थ. राणी चन्नम्मा एक्सप्रेसला सुद्धा फोनवर नावानं बोलवत नाहीत, वन सिक्स फाईव्ह एट नाईन, एकेक आकडा सुटा. सीमाभागात भाषेवरनं बाहेर काय काय होतं ते आपण बघतो, पण रूळावर मी बाबांना कधी कुणाशी भाषेवरनं भांडताना बघितलं नाही.

गेटमनकडं परत येतो. रेल्वेत कामाचे तास कामाच्या प्रकारावर ठरतात, सलग लक्ष लागतं तिथं आठ, फार ताणाचं असेल तिथं सहा, आणि मधे मधे मोकळा वेळ मिळतो असं कागदावर ठरलं की बारा. कमी गाड्यांची कितीतरी गेटं त्या बारा तासांच्या रोस्टरवर, ईआय म्हणतात त्याला. मोकळा वेळ म्हणजे काय तर दोन गाड्यांच्या मधे त्याच खोलीत बसून फोनकडं कान. रानातल्या गेटवर ना पंखा धड, ना बोलायला माणूस.

पावसाळ्यात बाबांना रात्रीची गस्त लागायची. खानापूर-लोंढा पट्ट्यातला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, दरड, पाण्यानं वाहून गेलेली खडी, रूळावर पडलेलं झाड. हातात तीन रंगांचा दिवा, डोक्यावर घोंगडं, एकट्यानं चालत बीटच्या टोकापर्यंत जायचं. तिथं पलीकडच्या बीटचा गस्तवाला यायचा, दोघांनी आपापल्या वह्या अदलाबदल करायच्या, म्हणजे दोघंही शेवटपर्यंत चालत आले याचा पुरावा. तो माणूस फक्त कन्नड बोलायचा, बाबांना कन्नड जेमतेम. चार पावसाळे ते दोघं रोज रात्री तिथं भेटले. दिवे खडीवर ठेवायचे, वह्या बदलायचे, तो विचारायचा, ऊट आतेन्री, म्हणजे जेवण झालं का? बाबा म्हणायचे, आतु, झालं. मग पोटाशी धरून आणलेली भाकरी अर्धी-अर्धी, आणि दोघं आपापल्या दिशेला परत.